फादर स्टीफन्स: बाप्तिस्मा झालेल्यांसाठी मराठीत पुराण रचणारा इंग्रज

मराठीवर जीव टाकणाऱ्या जुन्या कवींची नावं घ्यायला बसलं की ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ ही नावं आपोआप येतात. त्याच रांगेत एक नाव असं आहे की नव्याने ऐकणारा चमकतो. फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट पाद्री, आयुष्याची चाळीस वर्षं गोव्यात, आणि हातून लिहून झालेल्या मराठी ओव्या जवळपास अकरा हजार. पुस्तकाचं नाव ‘क्रिस्तपुराण’.

शाळेत मराठी शिकलेल्या पुष्कळांना एवढं ठाऊक असतं. पण हा माणूस पुराण लिहायला बसला तो कशासाठी, हे फारसं सांगितलं जात नाही. त्याचं उत्तर साहित्यात शोधून सापडत नाही, ते गावातल्या चर्चमध्ये सापडतं. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेला साष्टीतला शेतकरी, त्याची बायको, त्याची मुलं रविवारी चर्चमध्ये येऊन बसत. आपण नेमकं काय स्वीकारलं आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत कळावं, हा स्टीफन्स यांचा ध्यास होता. त्या काळात हे कळणं किंवा न कळणं ही साधी गोष्ट नव्हती.

विल्टशायरहून गोव्याकडे

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावचा. वडील व्यापारी. त्या वेळी इंग्लंडमध्ये धर्मावरून मोठी उलथापालथ चालू होती. १५४९ मध्येच तिथल्या चर्चमधली लॅटिन उपासना बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. १५५३ मध्ये मेरी राणी आली आणि लॅटिन मिस्सा परत आली. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या राज्यात पुन्हा इंग्रजी. म्हणजे दहा वर्षांचं पोर होईपर्यंत स्टीफन्स यांच्या देशात देवाशी बोलायची भाषा राजाच्या हुकमाने तीनदा बदलली होती.

कॅथलिक राहायचं तर लपूनछपून राहायचं, असे ते दिवस होते. तरुणपणी थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक मित्रासोबत ते राहिले. दोघांनी मिळून रोमला जायचं आणि जेझुइट व्हायचं असं ठरवलं होतं. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षं त्याने तुरुंगांतच काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले. १५७५ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले.

तिथून त्यांनी पूर्वेकडे जायची परवानगी मागितली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजं निघाली, त्यांतल्या एकावर ते होते. सहा महिन्यांहून जास्त दिवस समुद्रावर. ताजं अन्न नाही, हिरड्या सुजून लोक आजारी पडायचे. त्यांच्या जहाजावर दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि २७ दगावली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागलं. पोचल्यावर काही दिवसांतच वडिलांना लिहिलेलं त्यांचं पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

साष्टीत काय चाललं होतं

पुढच्या वर्षी, १५८० मध्ये, त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची रवानगी साष्टीत झाली. ही मुंबईजवळची साष्टी नव्हे, गोव्यातली सासष्टी. मडगाव, रायतूर, कुंकळ्ळी, बाणावली हा सगळा मुलूख. १५४३ पासून तो पोर्तुगीजांकडे होता आणि तिथली धर्मप्रसाराची जबाबदारी १५६० पासून जेझुइटांकडे होती.

स्टीफन्स आले तेव्हा तिथली जखम अजून ओली होती. १५५९ मध्ये अनाथ मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात द्यायचा हुकूम निघाला होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळं शेकड्यांनी पाडली गेली. आज आपण बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडीकडून गोव्याला देवदर्शनाला जातो ती बरीच देवस्थानं याच काळात नदीपलीकडे हललेली आहेत. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. काही लोक देवासोबत गेले. काही जमिनीसोबत राहिले. राहिले त्यांतल्या पुष्कळांचा बाप्तिस्मा झाला.

कोणी मनाने घेतला, कोणी गावकीतला हक्क आणि शेत टिकावं म्हणून, कोणी भीतीने. १५६७ च्याच गोव्यातल्या धर्मसभेने जबरदस्तीने कोणाला ख्रिस्ती करू नये असं ठरवलं होतं. पण देऊळ पाडलेलं, जुने विधी बंद, नोकरी आणि मान ख्रिस्त्यांना, अशा परिस्थितीत जबरदस्ती कुठे संपते आणि इच्छा कुठे सुरू होते, हे सांगणं अवघड होतं. स्टीफन्स या व्यवस्थेचे टीकाकार नव्हते. ते तिचाच भाग होते. हे झाकून त्यांचं चरित्र सांगता येत नाही.

कुंकळ्ळीचा दिवस

१५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत या सगळ्याचा स्फोट झाला. चर्च आणि क्रूस उभारायची जागा पाहायला पाच जेझुइट आले होते. त्यांचे प्रमुख रुडोल्फ अक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतले होते. देवळं गमावलेल्या गावकऱ्यांनी हल्ला केला. पाचही जेझुइट मारले गेले, सोबतचे काही स्थानिक ख्रिस्तीही गेले. मृतदेह मिळवणं आणि त्यांचे अंत्यविधी या कामात स्टीफन्स स्वतः होते. पुढे त्या घटनेची हकीकत त्यांनी भावाला पत्रातून कळवली.

सरकारने सूड घेतला. बोलणी करायची म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे ठार केलं. एकजण उडी मारून वाचला, असं सांगतात. गावची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. फातर्प्याच्या जत्रेला आजही कुंकळ्ळीकरांचा मान आहे. मारले गेलेले पाच जेझुइट १८९३ मध्ये कॅथलिक चर्चने धन्य म्हणून जाहीर केले. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मृतांना आजही हुतात्मा म्हणतात.

याच वर्षाच्या शेवटी न्यूबेरी, फिच आणि त्यांचे दोन इंग्रज सोबती हेरगिरीच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांना जामिनावर सोडवायलाही स्टीफन्स धावून गेले. त्याच काळातल्या पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. युरोपातल्या पंडितांना हे नीट कळायला अजून दोनशे वर्षं जायची होती.

तीन संस्कार आणि मधली पोकळी

कॅथलिक धर्मात माणूस पूर्णपणे दाखल होतो तो तीन संस्कारांनी. पहिला बाप्तिस्मा, ज्याला आपल्याकडे स्नानसंस्कारही म्हणतात: डोक्यावर पाणी, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. दुसरा दृढीकरण, म्हणजे कपाळाला पवित्र तेल लावून पवित्र आत्म्याचं दान. तो सहसा बिशपच्या हातून होतो. तिसरा ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद. गोव्यात त्याला कोमुन्यांव म्हणतात. आज गावच्या चर्चमध्ये पांढरे कपडे घातलेली मुलं रांगेत दिसली की समजावं, पहिलं कोमुन्यांव आहे.

साष्टीत त्या काळी पहिला संस्कार पटकन होई. काही वेळा एकाच दिवशी मोठ्या संख्येने. बाप्तिस्मा झाला की नाव बदलायचं. धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं पोर्तुगीज आडनाव मिळायचं. काल नाईक, प्रभू, कामत असलेला माणूस आज सोझा, फर्नांडिस, परेरा व्हायचा. पण दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर यांना तयारी लागे. विश्वास काय, क्रूस कशाचा, भाकरी कसली, हे समजलेलं असावं लागे. आणि समजावायची भाषा? मिस्सा लॅटिनमध्ये, सरकार पोर्तुगीजमध्ये, लोक कोकणीत.

इथे खरा धोका होता. बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाने तुळशीला दिवा लावला तर ते त्याच्या धर्माचं काम. बाप्तिस्मा घेतलेल्याने तेच केलं तर तो इन्क्विझिशनच्या हद्दीत आला. म्हणजे डोक्यावर पाणी पडलं त्या क्षणापासून माणसाला नवे नियम लागू झाले, मग ते त्याला कळलेले असोत वा नसोत. शिवाय जुन्या देवाच्या कथा, कीर्तन, पुराण ऐकायलाही बंदी. रविवारची दुपार रिकामी झाली होती.

‘क्रिस्तपुराणा’ची सुरुवात नेमकी इथून होते. प्रार्थना आणि धर्मशिक्षण झाल्यावर श्रोत्यांमधला एकजण पाद्र्याला विचारतो. जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला आम्हाला काही का देत नाही, असा त्याचा सवाल. पाद्र्याला तो पटतो आणि कथा सुरू होते. हा प्रसंग कवीने रचलेला असेल किंवा खरा घडलेला, पण मागणी खरी होती. लोकांकडून काही काढून घेतलं तर त्या जागी काही द्यावं लागतं, हे स्टीफन्स यांना कळलं होतं.

पुराणाला ओवी, शिकवणीला कोकणी

स्टीफन्स यांनी भाषेची विभागणी फार विचाराने केली. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला ती लगेच समजेल, कारण घरी एक बोली आणि ग्रंथात दुसरी भाषा हे आपल्या रोजच्या सवयीचं आहे.

रोजच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी कोकणी घेतली. क्रुसाची खूण कशी करायची, आमच्या बापा ही प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, संस्कार, असं सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात. मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या पुस्तकावर हे बेतलेलं होतं. घराच्या ओसरीवर मुलं जे बोलतात तीच भाषा. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला हे पुस्तक छापलं गेलं. आज हाती असलेलं कोकणीतलं सर्वांत जुनं छापील पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. कोकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं. दियोगु रिबैरो यांनी त्यात भर घातल्यावर ते १६४० मध्ये छापलं गेलं. भारतातल्या कुठल्याही भाषेच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते.

पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी घेतली. का? कारण साष्टीच्या लोकांच्या कानात पुराण म्हणजे मराठी ओवी बसलेली होती. पोथी मराठीत, कीर्तन मराठीत. पुराण म्हणून काही द्यायचं तर ते पुराणासारखं वाजलं पाहिजे. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. ज्या ओवीची परंपरा त्या काळी महाराष्ट्रात बहरात होती, तीच ओवी या इंग्रजाने उचलली. मधेमधे कोकणी शब्द येऊ दिले, म्हणजे साध्या माणसालाही अडायला नको.

ग्रंथाचे दोन भाग. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराच्या कथा. ३६ अध्याय, ४,१८१ ओव्या. दुसऱ्या भागात येशूचं चरित्र. ५९ अध्याय, ६,७८१ ओव्या. मिळून १०,९६२. यॉर्दान नदीतला येशूचा बाप्तिस्मा त्यात आहे, शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन त्यात आहे. चर्चमध्ये पाणी आणि भाकरी पाहणाऱ्या माणसाला त्यामागची गोष्ट आता गाऊन ऐकता येणार होती. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं. मराठी शब्द जुन्या अर्थासकट घेतले आणि त्यांत नवा अर्थ भरला. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या तर धर्माची सीमा ओलांडून सगळ्या मराठी माणसांच्या झाल्या.

देवनागरीचं अपुरं राहिलेलं स्वप्न

स्टीफन्स यांची एक इच्छा मात्र पुरी झाली नाही. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून मागणी केली की इथल्या भाषेची पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत. मलबारात तसं झालं होतं. अडचण खिळ्यांची होती. युरोपच्या लिपीला चोवीसेक अक्षरं पुरतात. इथे जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून सहाशेच्या वर साचे लागतील, असा हिशेब. युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असंही त्यांनी सुचवलं होतं. काम झालं नाही.

म्हणून १६१६ मध्ये रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन लिपीत. मराठी ओवी, रोमन अक्षरं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या निघाल्या, यावरून तो किती वाचला आणि ऐकला जात होता याचा अंदाज यावा. त्यांच्या वाटेने इतरही गेले. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ यांनी संत पीटरवर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला, तो १६२९ मध्ये छापला गेला.

स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यातच वारले. विल्टशायरला ते परत कधी गेले नाहीत.

भाषा बंद, ओवी चालू

त्यांच्या मागे वारं फिरलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. १७४५ मध्ये आर्चबिशपने लग्न करू इच्छिणाऱ्यांना पोर्तुगीज येण्याची अट घातली. ज्या चर्चमध्ये स्टीफन्स लोकांची भाषा शिकून संस्कार समजावत होते, त्याच चर्चमध्ये आता संस्कार हवा असेल तर भाषा बदला, असं सांगितलं जाऊ लागलं. हुकूम कागदावर कडक होते, पण घराघरातून कोकणी गेली नाही.

‘क्रिस्तपुराण’ही गेलं नाही, पण त्याची वाट वेगळी झाली. छापील जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वाचलं ते हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. गोव्यातून कारवार, होन्नावर, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी भांड्याकुंड्यांबरोबर या पोथ्याही नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हा पाद्र्यांवाचून राहिलेल्या त्या लोकांना या ओव्यांचाच आधार होता, असं मंगळूरकर सांगतात. मिस्सा नाही, कोमुन्यांव नाही, पण पुराण आहे.

मंगळुरातच १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी पोथ्या जुळवून ग्रंथ पुन्हा छापला, रोमन लिपीतच. लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात याची एक देवनागरी पोथीही मिळाली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा स्टीफन्स यांनी मागितलेली लिपी त्यांच्या पुराणाला छापात लाभली. मधे तीनशे चाळीस वर्षं गेली होती. पुढे १९९६ मध्ये फादर कारिदाद द्राग यांचीही देवनागरी आवृत्ती आली.

आजच्या चर्चमध्ये

१९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. १९७२ मध्ये मोठ्या वयात ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने शिकवणीची जुनी पद्धत रोमने पुन्हा सुरू केली. आधी चौकशी, मग महिनोन्‌महिने शिकवण, आणि शेवटी पास्काच्या जागरणाच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही संस्कार एकाच वेळी. घाई नाही, आणि समजल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. १५८० मध्ये साष्टीत हीच पद्धत असती तर किती गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत झाला, २००५ मध्ये सिंधुदुर्गचा. या पट्ट्यातल्या चर्चमध्ये कोकणी, मराठी, कानडी अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. पर्वरीला स्टीफन्स यांच्या नावाचं कोकणी केंद्र आहे. कोकणीवाले त्यांना आपला मानतात, मराठीवाले आपला मानतात. मराठी की कोकणी या वादात दोन्ही बाजू त्यांचंच नाव साक्षीला काढतात. त्यांनी स्वतः मात्र ही निवड कधी केलीच नाही. जिथे मुलाला समजावायचं तिथे कोकणी, जिथे गाऊन ऐकवायचं तिथे मराठी.

त्यांच्या काळाचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. कुंकळ्ळीकर आणि फातर्प्याचे भाविक ते विसरत नाहीत, आणि विसरावेत असंही नाही. पण एवढं मात्र नोंदवलं पाहिजे की सत्तेच्या बळावर लोकांचे धर्म बदलले जात असताना त्याच सत्तेच्या गोटातला एक पाद्री त्या लोकांची भाषा शिकत बसला. ज्यांच्या डोक्यावर पाणी घातलं त्यांना त्या पाण्याचा अर्थ सांगणं आपलं देणं आहे असं त्याने मानलं. ते देणं त्याने आयुष्यभर, ओवी ओवी करून फेडलं.